पोलिसांकडे एक किल्ली ठेवायला काय हरकत आहे?

आदरणीय वकीलबाई,

मी नाशिक जिल्ह्यातल्या एका गावात राहते. बचत गटांच्या ग्रामसंघाची अध्यक्ष आहे, त्यामुळे माझ्या सहीला गावात थोडंफार वजन आहे आणि घोळ तिथूनच सुरू झालाय. माझ्या भावाची मुलगी 19 वर्षांची, कॉलेजात शिकते. दिवाळीनंतर कुणीतरी तिचा इन्स्टाग्रामवरचा साधा फोटो उचलून त्याचा नको तसला फोटो बनवला आणि तो कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपांमधून फिरवला. पोलीस ठाण्यात गेलो तर म्हणाले, ‘व्हॉट्सॲपला एन्क्रिप्शन असतं, कंपनी काही देत नाही, अर्ज लिहून द्या.’ एफआयआर झालेला नाही. आता भावाने आणि चार मंडळींनी खासदारांना द्यायला निवेदन केलंय: एन्क्रिप्शन बंद करा, निदान त्याची एक किल्ली पोलिसांकडे असलीच पाहिजे. भाऊ म्हणतो, वेळप्रसंगी पोलिसपाटलाला बोलावून घर उघडतोच ना, मग त्याच्याकडे एक किल्ली ठेवायला काय हरकत आहे? माझा मुलगा पुण्यात आयटीत आहे. तो म्हणतो, मामा, एन्क्रिप्शन बंद झालं तर तुझं गुगल पेसुद्धा बंद पडेल. मामा-भाच्यांचं बोलणं बंद आहे. निवेदनाला पुरावा म्हणून तो फोटो डोळ्यांवर पट्टी मारून जोडायचा ठरलाय. सही केली नाही तर भाऊ म्हणेल, भाचीसाठी आत्या उभी राहिली नाही. मी काय करू?

– एक आत्या (नाव छापू नये)

ताई,

सहीचं नंतर बघू. आधी तो फोटो निवेदनातून काढायला लावा, आणि आजच. डोळ्यांवर पट्टी मारली म्हणून गावात मुलगी ओळखू यायची राहते थोडीच? निवेदनाची एक प्रत खासदारांकडे जाईल, एक तहसीलला, आणि कुणीतरी उत्साही माणूस ‘आमचं निवेदन’ म्हणून त्या कागदाचा फोटो काढून ग्रुपवर टाकेल. तुम्हीच तो पुन्हा फिरवल्यासारखं होईल. शिवाय तसला फोटो मोबाइलवरून पुढे पाठवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 67 आणि 67अ खाली येऊ शकतं, आणि ‘मी तर पुरावा म्हणून पाठवला होता’ हे सांगत बसायची पाळी मुलीच्या बापावर येऊ नये. ज्याच्या फोनवर तो आला त्याच्या फोनवर राहू द्या. पाठवणाऱ्याचा नंबर, ग्रुपचं नाव, तारीख आणि वेळ एकत्र दिसतील असे स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि पोलिसांना तो फोनच दाखवा.

आता ठाण्यात तुम्हाला जे सांगितलं त्याबद्दल. ते अर्धं खरं आहे आणि त्या अर्ध्याच्या आडोशाला काम टाळलं गेलंय.

खरं अर्धं असं. व्हॉट्सॲपने एप्रिल 2016 पर्यंत सगळ्या चॅटना एंड-टू-एंड एन्क्रिप्शन लावलं. ॲप पहिल्यांदा सुरू करता तेव्हा तुमचा फोन स्वतःच किल्ल्यांची जोडी तयार करतो. त्यातली एक इतरांना दिली जाते, तिच्या आधारे समोरच्याचा फोन तुमच्यासाठीचा मेसेज बंद करून पाठवतो. उघडायची किल्ली तुमच्या फोनबाहेर जात नाही, कंपनीकडेही नाही. मधल्या सर्व्हरवरून जातात ती निरर्थक अक्षरं. त्यामुळे ‘अमक्या मेसेजमध्ये काय लिहिलं होतं’ असं पोलिसांनी विचारलं तर कंपनीला ते खरोखरच सांगता येत नाही.

पण तुमच्या भाचीच्या बाबतीत मेसेजमध्ये काय होतं हे कुणाला विचारायचंय? ते अर्ध्या कॉलेजने पाहिलं. विचारायचंय ते पाठवलं कुणी, आणि त्यासाठी कुलूप फोडावं लागत नाही. ग्रुपवर फोटो टाकणाऱ्याचा नंबर ग्रुपमधल्या प्रत्येकाला दिसतो. नंबर कुणाच्या नावावर आहे ते मोबाइल कंपनी सांगते. तो नंबर व्हॉट्सॲपला कधी जोडला, कुठल्या आयपी पत्त्यावरून, म्हणजे कुठल्या इंटरनेट जोडणीवरून वापरला गेला, अशी माहिती व्हॉट्सॲपकडून कायदेशीर मागणी करून मिळू शकते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 94 खाली पोलीस कागदपत्रंच काय, फोनसुद्धा हजर करायला लावू शकतात. फोटोवर ‘फॉरवर्डेड’ असा शिक्का असेल तर त्या पोराने तो दुसरीकडून आणला. मग त्याचा फोन बघायचा, त्याला कुणी पाठवला ते बघायचं, असं एकेक माणूस मागे जायचं. घरफोडीतला माल सोनाराच्या दुकानात सापडला की पोलीस असेच मागे जातात. कंटाळवाणं काम आहे, पण त्यालाच तपास म्हणतात.

2020 मध्ये मुंबईच्या सिनेमावाल्यांचे व्हॉट्सॲप चॅट आठवडेच्या आठवडे टीव्हीवर वाचून दाखवले जात होते, ते आठवा. एन्क्रिप्शन तेव्हाही होतंच. ते कुणी फोडलं नव्हतं. चॅट बाहेर आले ते लोकांच्या फोनमधून. चोवीस तास बातम्या चालवण्याइतके चॅट एका तपासात मिळतात आणि तुमच्या ठाण्याला एका ग्रुपचा ॲडमिन बोलावता येत नाही, हे मला पटत नाही.

हा माग दर वेळी शेवटपर्यंत लागतो असं मात्र मी म्हणणार नाही. मेसेज आपोआप पुसले जाण्याची सोय असते, दुसऱ्याच्या नावावरची सिम कार्डं असतात, फोन विहिरीत फेकून देणारे महाभाग असतात. काही प्रकरणांत तपास खरोखर त्या कुलपापाशी येऊन थांबतो. पण तुमचं प्रकरण अजून तिथवर पोचलेलंच नाही. ते ठाण्याच्या टेबलावर अडलंय.

आता भावाचा प्रश्न. तो अडाणीपणाचा नाही. शहाणीसुरती सरकारं तीसेक वर्षं हाच प्रश्न विचारत आली आहेत. अमेरिकन सरकारने 1993 मध्ये क्लिपर नावाची चिप आणली. ती फोनमध्ये बसवायची, तिच्या किल्लीचे दोन तुकडे दोन सरकारी खात्यांकडे ठेवायचे आणि न्यायालयाचा हुकूम आला की तुकडे जोडून संभाषण ऐकायचं. कागदावर याहून नीटस व्यवस्था सुचणार नाही. पुढच्याच वर्षी मॅट ब्लेझ या बेल लॅब्जच्या संशोधकाने दाखवून दिलं की सरकारची किल्ली लागावी म्हणून चिपमध्ये जी खूण ठेवली होती ती फक्त 16 बिटांच्या, म्हणजे अगदी तोकड्या पडताळणीवर उभी होती. थोडे प्रयत्न करून खोटी खूण बसवता येत होती. म्हणजे बदमाशाला चिपचं कुलूप वापरता येणार, पण सरकारची किल्ली त्याला लागणार नाही. ती लागणार फक्त साध्या माणसाच्या कुलपाला. दोन-तीन वर्षांत चिप गुंडाळली गेली.

पोलिसपाटलाचं उदाहरण भावाला चपखल वाटतं, कारण पाटील गावातलाच असतो. त्याच्याकडे किल्ली आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याने भलत्या वेळी तुमचं दार उघडलं तर शेजारीण बघते आणि दुसऱ्या दिवशी गावभर होतं. फोनच्या किल्लीला यातलं काहीच लागू नाही. भारतात व्हॉट्सॲप वापरणाऱ्यांचा सरकारने फेब्रुवारी 2021 मध्ये दिलेला आकडा 53 कोटी होता. भाऊ मागतोय ती या सगळ्या घरांना लागणारी एकच किल्ली. तिची नक्कल करायला क्षण पुरतो, नक्कल झाल्याचं कळत नाही, वापर झाला तरी घरमालकाला पत्ता लागत नाही. आणि ती पोलिसांनीच वापरावी, असं गणिताला समजावता येत नाही.

हा नुसता तर्क नाही. ग्रीसमध्ये 2004 आणि 2005 च्या दरम्यान पंतप्रधान कोस्टास करामानलिस, काही मंत्री, अथेन्सच्या महापौर अशा शंभराच्या आसपास लोकांचे मोबाइल कित्येक महिने कुणीतरी ऐकत होतं. त्या ‘कुणीतरी’ने नवीन काही बनवलं नव्हतं. पोलिसांनी कायदेशीर हुकमाने फोन ऐकावेत म्हणून व्होडाफोनच्या एक्सचेंजमध्ये जी सोय होती तीच त्यांनी गुपचूप चालू केली. दुसरं उदाहरण अलीकडचं. सॉल्ट टायफून या नावाने ओळखली जाणारी चिनी हॅकर टोळी एटी अँड टी, व्हेरायझनसारख्या अमेरिकन टेलिफोन कंपन्यांत शिरल्याचं 2024 मध्ये उघड झालं, आणि न्यायालयाच्या हुकमाने फोन टॅप करण्याच्या यंत्रणेपर्यंत ती पोचली होती. त्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेने बड्या अधिकाऱ्यांना आणि नेत्यांना सल्ला दिला: एंड-टू-एंड एन्क्रिप्शन असलेली ॲप वापरा. ज्या देशाची एफबीआय दहा वर्षं ‘एन्क्रिप्शनमुळे आम्ही आंधळे होतोय’ म्हणून ओरडत होती, त्याच देशाने! मला हे वाचून हसू आलं होतं.

आपल्याकडची गोष्ट आणखी मजेशीर आहे. तुमच्या मुलाला विचारा, त्याने ऐकलीही नसेल. इंटरनेट कंपन्यांना दिलेल्या परवान्यांत वर्षानुवर्षं अट होती की 40 बिटांपेक्षा मजबूत किल्ली सरकारी परवानगीशिवाय वापरायची नाही, आणि परवानगी मिळाली तर किल्ली सरकारजमा करायची. 40 बिटांची किल्ली म्हणजे जास्तीत जास्त 1.1 लाख कोटी शक्यता. आकडा मोठा वाटतो ना? जानेवारी 1997 मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका विद्यार्थ्याने विद्यापीठातले अडीचशे संगणक एकत्र जुंपून अशी किल्ली साडेतीन तासांत शोधून काढली होती. इकडे रिझर्व्ह बँक 2001 पासून बँकांना सांगत होती की इंटरनेट बँकिंगला 128 बिटांचं संरक्षण हवं. म्हणजे सरकारचा एक हात म्हणत होता कुलूप कच्चं ठेवा आणि दुसरा म्हणत होता पक्कं ठेवा. बँकांनी रिझर्व्ह बँकेचं ऐकलं, हे आपलं नशीब.

मग सप्टेंबर 2015 मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय एन्क्रिप्शन धोरणाचा मसुदा टाकला. त्यात तुमच्या-माझ्यासारख्या सामान्य माणसानेसुद्धा एन्क्रिप्शनने पाठवलेल्या मजकुराची उघडी प्रत 90 दिवस जपून ठेवावी आणि पोलिसांनी मागितली की काढून द्यावी, असं होतं. आपल्या ग्रामसंघातल्या बायकांनी व्हॉट्सॲपवर ‘उद्या हप्ता आणा गं’ असं लिहायचं आणि ते तीन महिने वहीत उतरवून ठेवायचं, अशी कल्पना करून बघा. ओरड झाली, आधी व्हॉट्सॲप-फेसबुकला त्यातून वगळल्याचा खुलासा आला आणि 22 सप्टेंबरला मसुदाच मागे घेतला गेला. असा मसुदा कुणीतरी गंभीरपणे टाइप केला होता, याचं मला अजून नवल वाटतं.

पोलिसांची बाजू मात्र उडवून लावू नका. 26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबई हल्ल्यात अतिरेकी आणि त्यांचे पाकिस्तानातले सूत्रधार फोनवर काय बोलत होते ते आपल्या यंत्रणांनी ऐकलं, रेकॉर्ड केलं आणि ते पुढे न्यायालयात पुरावा म्हणून आलं. ती संभाषणं आजच्यासारखी बंद असती तर काहीच ऐकू आलं नसतं. हे नुकसान खरं आहे. हल्ल्यानंतर महिन्याच्या आत, 22 आणि 23 डिसेंबरला, संसदेने माहिती तंत्रज्ञान कायद्यात दुरुस्ती केली. कलम 69 खाली सरकारी हुकूम आल्यावर माहिती उलगडून द्यायला मदत केली नाही तर 7 वर्षांपर्यंत कैद, आणि कलम 84अ खाली एन्क्रिप्शनच्या पद्धती ठरवण्याचे अधिकार. म्हणजे भाऊ निवेदनात मागतोय त्यातलं बरंच काही कायद्यात तेव्हापासून लिहिलेलं आहे. अडचण कायदा नसण्याची नाही. जी किल्ली कंपनीकडेच नाही ती कायद्याने आणायची कुठून, ही आहे. त्यासाठी ॲपची रचनाच सगळ्यांसाठी बदलावी लागेल, आणि ती बदललेली दिसली की पुढचा कट रचणारा दुसऱ्या ॲपवर जाईल. असं बंदिस्त ॲप बनवण्याची कृती इंटरनेटवर फुकट पडलेली आहे. उरतो आपण.

निवेदनाच्या दुसऱ्या पानावर ‘निदान पहिला मेसेज कुणी टाकला ते तरी कळलं पाहिजे’ असा मुद्दा असेल, तर तो आधीच नियमात आहे. 25 फेब्रुवारी 2021 च्या नियमांनुसार 50 लाखांहून जास्त वापरकर्ते असलेल्या मेसेजिंग कंपनीने, न्यायालयाचा किंवा सक्षम अधिकाऱ्याचा हुकूम आला तर, ‘पहिला पाठवणारा’ ओळखून द्यायचा. देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, बलात्कार, लैंगिक मजकूर, मुलांचं लैंगिक शोषण, अशा गंभीर गुन्ह्यांपुरतं. व्हॉट्सॲप त्याविरुद्ध मे 2021 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. एप्रिल 2024 च्या सुनावणीत त्यांच्या वकिलांनी सरळ सांगितलं की एन्क्रिप्शन तोडायला लावलं तर व्हॉट्सॲप इथून जाईल. कंपनीची ही धमकी मला फारशी आवडलेली नाही. स्वतःच्या धंद्यासाठी आपली बरीच माहिती गोळा करणाऱ्या समूहाने खासगीपणाचा झेंडा इतक्या उंच धरावा, हे जरा जास्तच झालं. पण मुद्दा बरोबर आहे. उद्या कुठला मेसेज पोलिसांना हवा असेल ते आज कुणाला माहीत नसतं, म्हणून माग ठेवायचा तर 53 कोटी लोकांच्या प्रत्येक मेसेजचा ठेवावा लागतो. चोर एक, पण ठसे सगळ्या गावाचे.

आणि इतकं करून हाती काय लागेल? मद्रास उच्च न्यायालयात 2019 मध्ये हाच वाद चालला होता. आयआयटी मद्रासचे प्रा. कामकोटी म्हणाले, मेसेजला पहिल्या पाठवणाऱ्याची खूण जोडता येईल. आयआयटी मुंबईचे प्रा. मनोज प्रभाकरन यांनी लेखी मत दिलं की याने खासगीपणा जाईल आणि मुरलेला गुन्हेगार तरीही सटकेल. मला दुसरं पटतं. फोटो फॉरवर्ड न करता सेव्ह करून पुन्हा टाकला की टाकणारा ‘पहिला’. टेलिग्रामवरून उचलून व्हॉट्सॲपवर आणणारा ‘पहिला’. मूळ मेसेज परदेशातला असेल तर नियमच म्हणतो की भारतात ज्याने तो प्रथम पाठवला तोच पहिला धरावा. म्हणजे जगाला सावध करायला म्हणून फोटो पुढे ढकलणारी एखादी भाबडी मावशी पहिली सापडायची.

1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठेचून मारलं. पहिला पाठवणारा शोधा ही मागणी त्या वर्षीच्या असल्या हत्यांनंतर जोरात आली. त्या वर्षी देशभर फिरलेल्या व्हिडिओंपैकी एक तर कराचीतल्या बालसुरक्षेच्या जनजागृतीचा होता, शेवटचा खुलासा कापून टाकलेला. त्याचा ‘पहिला पाठवणारा’ शोधून त्या पाच जणांच्या घरच्यांना काय मिळालं असतं? फरक पडला तो वेगळ्या गोष्टींनी. त्याच जुलैमध्ये व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच जागी फॉरवर्ड करायची मर्यादा जाहीर केली, आणि एप्रिल 2020 मध्ये खूप फिरलेला मेसेज एका वेळी एकाच जागी. यातल्या कशालाच मेसेज वाचावा लागला नाही.

आणखी एक प्रश्न भावाला विचारा: किल्ली फिरवायची परवानगी देणार कोण? आपल्याकडे फोन ऐकायचा हुकूम गृहसचिव देतात आणि तो तपासायला समिती असते तीही सचिवांचीच. न्यायाधीश त्यात कुठेच नाही. 2022 मध्ये पुण्यात आणि मुंबईत, राज्यातल्या राजकीय नेत्यांचे फोन बेकायदा टॅप केल्याच्या आरोपावरून गुन्हे दाखल झाले. 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते रद्द केले, तेव्हा त्या आरोपांचं खरं-खोटं मी इथे करत नाही. पण आमदार-खासदारांनाच आपला फोन कोण ऐकतंय याची खात्री वाटत नसेल, तर तुमच्या भाचीच्या फोनची खात्री कोण देणार?

तिच्या फोनवरून आठवलं. जो फोटो फिरला तो खोटा आहे आणि मूळ फोटो उघड्यावरून उचललेला आहे. तिचे खरे फोटो, मैत्रिणीला रात्री अकरा वाजता रडत पाठवलेले व्हॉइस मेसेज, डॉक्टरांशी झालेलं बोलणं, हे सगळं त्या नालायकाच्या हाती लागलेलं नाही. ते ज्याच्यामुळे बंद राहिलं तेच निवेदनात बंद करायची मागणी आहे.

मुलाला सांगा की मामाशी तो थोडी चलाखी करतोय. गुगल पे आणि बँकेचं एन्क्रिप्शन तुमच्या फोनपासून बँकेपर्यंतचं असतं. बँकेला तुमचा व्यवहार दिसतोच आणि पोलीस तो बँकेकडून मागवू शकतात. ते बंद करा असं आज कुणी म्हणत नाही. वाद आहे तो मधल्या कंपनीलाही न दिसणाऱ्या संभाषणाचा. समोरच्याला घाबरवून वाद जिंकला तरी तो आपल्या बाजूला येत नाही. कच्च्या कुलपाचा धोका सांगायचाच असेल तर त्याने मामाला फ्रीक नावाच्या त्रुटीची गोष्ट सांगावी. अमेरिकेने 1990 च्या दशकात निर्यातीसाठी मुद्दाम दुबळं एन्क्रिप्शन बनवायला लावलं होतं. तो नियम कधीच गेला, पण ती दुबळी सोय जगभरच्या सर्व्हरमध्ये पडून राहिली, आणि 2015 मध्ये संशोधकांनी दाखवलं की तिच्यातून आजच्या वेबसाइटचं कुलूपही काढता येतं.

तर सही करू का? या निवेदनावर नको. पण नुसतं ‘नको’ म्हणून घरी बसाल तर भाऊ म्हणतो ते खरं ठरेल. त्याला काहीतरी करायचंय. ठाण्यातून हात हलवत परत आलेला बाप आहे तो, आणि त्याच्या हाती कुणीतरी निवेदन दिलं. त्याला दुसरं निवेदन द्या. त्यात लिहा की महिलांच्या अशा तक्रारीवर त्याच दिवशी एफआयआर घ्यावा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 78 प्रमाणे तपास निरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो, तेव्हा ग्रामीण ठाण्यांना त्यासाठी शिकलेले अधिकारी द्यावेत. जप्त केलेले फोन प्रयोगशाळेत महिनोन्‌महिने पडून राहू नयेत. कंपनीच्या भारतातल्या तक्रार अधिकाऱ्याकडून मुदतीत उत्तर येतं की नाही यावर कुणीतरी लक्ष ठेवावं. आणि कुणाचं संभाषण ऐकायचंच असेल तर परवानगी न्यायाधीशाची असावी. यावर पहिली सही तुमची आणि त्याखाली ग्रामसंघातल्या बायकांच्या.

एक गोष्ट मला पत्रात खटकली. भाऊ काय म्हणतो ते आहे, मुलगा काय म्हणतो ते आहे, भाची काय म्हणते हे एका ओळीतही नाही. ती 19 वर्षांची आहे, तक्रार तिची आहे. निवेदन जावं की नाही, कुणाकुणाला कळावं, ठाण्यात कुणाला बरोबर न्यायचं, हे तिला विचारा. कदाचित तिला बाप नको असेल, आत्या हवी असेल.

मग कामाला लागा. मुलाला दोन दिवस घरी बोलवा. त्याने भाचीबरोबर बसून राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर, म्हणजे cybercrime.gov.in वर, ‘महिला आणि बालकांविषयीचे गुन्हे’ या भागात तक्रार भरावी. इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपच्या तक्रार अधिकाऱ्यांना लिहावं. बनावट नग्न फोटो हटवायला नियमांत तासांत मोजायची मुदत आहे. ज्या मैत्रिणीच्या फोनवर तो फोटो आलाय तिने ग्रुपमध्येच ‘रिपोर्ट’ दाबावं. त्याने शेवटचे काही मेसेज तिच्या फोनवरून कंपनीला दिसतात, कुलूप न तोडता. स्टॉप एनसीआयआय ही परदेशी सेवाही आहे. ती फोटो अपलोड करून घेत नाही, तुमच्याच फोनवर त्याचा आकडी ठसा काढते आणि फेसबुक, इन्स्टाग्रामसारख्या ठिकाणी तो ठसा जुळला की फोटो अडवला जातो. न्यायालयातही पुढे असाच ठसा लागेल, कारण भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालच्या प्रमाणपत्रात तो लिहावा लागतो. गंमत म्हणजे हे एन्क्रिप्शनच्याच घराण्यातलं गणित आहे.

भावाला ठाण्याचं काम द्या. आता ‘अर्ज’ लिहून द्यायचा नाही, एफआयआर मागायचा. गुन्हा कुठल्या हद्दीत घडला यावरून परत पाठवता येत नाही, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये तसं स्पष्ट आहे. तरी नाही म्हणाले तर त्याच कलमाच्या चौथ्या पोटकलमाखाली तक्रार लेखी स्वरूपात, पोस्टाने, जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना पाठवायची, आणि तिथेही हललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जायचं. पुन्हा कुणी ‘एन्क्रिप्शन आहे’ म्हणालं तर एवढंच विचारा: ग्रुपच्या ॲडमिनचा जबाब घेतला का, आणि ज्याने फोटो टाकला त्याचा फोन ताब्यात घेतला का? एफआयआर झाला की त्याची प्रत तक्रारदाराला तिथल्या तिथे फुकट मिळते. ती हातात आल्याशिवाय भाचीला घेऊन ठाण्याबाहेर पडू नका.